मिशीचा गोंद

जव्हारच्या माझ्या घरमालकीणबाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. चेहरेही राहत नसत. पापण्या राहत. बाजारात एखादीनं नमस्कार केला की त्या तिच्या अगदी तोंडाजवळ जाऊन बघत आणि म्हणत, "हां, तू ती आखूड पापण्यांची. सासू बरी आहे का?" समोरचीनं रागवावं की हसावं, तिचं तिलाच कळत नसे. गाव त्यांना काकू म्हणायचं. मीही काकूच म्हणायचे, इथेही तेच म्हणते. त्यांना माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही, मी त्यांचं सांगत नाही, म्हणजे फिट्टंफाट झाली.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. मी डी.एड. करून नुकतीच नोकरीला लागले होते. शाळा जामसरच्या पुढे एका पाड्यावर, राहायला जव्हार, आणि मधल्या रस्त्याला खच्चून भरलेली जीप. बाई म्हणून मला आत बसायला जागा मिळायची आणि लोकांच्या कोंबड्या माझ्या पायाशी बसायच्या. काकूंचे यजमान वनखात्यात होते. ते वारल्यावर काकूंनी नाशिकला माहेरी जायचं सोडून घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. मधली खोली त्यांची, मागची माझी.

पार्लर हा शब्दच तेव्हा जव्हारला नवा होता. काकूंनी पाटी रंगवून घेतली, तिच्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. नुसते दोन मोठे डोळे आणि त्यांच्या पापण्या पार पाटीच्या कडेपर्यंत गेलेल्या. मी विचारलं, नाव का नाही घातलं? तर म्हणाल्या, "ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं?" आता दोन डोळे काढलेली पाटी बघून माणूस काय समजेल? व्हायचं तेच झालं. मोखाड्याकडची म्हातारी माणसं डोळ्याचा दवाखाना समजून आत येऊन बसायला लागली. कुणाला मोतीबिंदू, कुणाच्या डोळ्यात फूल पडलेलं. दुसऱ्या कुणी हात जोडून वाटेला लावलं असतं. काकू त्यांना खिडकीपाशी नेत, हनुवटी वर करून उजेडात बघत, चहा पाजत आणि मग स्वतः चपला घालून सरकारी दवाखान्यापर्यंत सोडून येत. वाटेत त्या म्हाताऱ्याच्या पापण्यांबद्दल एखादं मत सांगितल्याशिवाय मात्र सोडत नसत. एक आजोबा तर पुढच्या बाजाराला परत आले आणि मला म्हणाले, "ही डाक्टरीण लय बरी. सुई मारत नाय."

काकूंचा दुसरा विशेष म्हणजे त्या कधी चुकत नसत. म्हणजे आपण चुकलो असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. काकू घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "मिठाचा डबा इथे कोणी ठेवला?" त्या स्वयंपाकघरात त्यांच्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. एकदा नाशिकला म्हणून निघाल्या आणि डहाणूला जाऊन पोचल्या. संध्याकाळी परत आल्यावर विचारलं तर म्हणे, "मी बरोबरच बसले होते, गाडी चुकीची होती." यावर काय बोलणार, कपाळ! मी पहिल्या महिन्यातच त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं.

पापण्यांचं हे वेड त्यांच्या वडिलांकडून आलेलं. वडील नाटक कंपनीत होते, रंगपटात. टोप, दाढ्या, मिशा बांधायचं काम. त्या काळी बायकांची कामं पुरुष करायचे, आणि बायकी डोळा बनवायचा तर पापणी लांब हवी. काकू सांगत, "दिव्याच्या उजेडात नायिका रडतेय हे शेवटच्या रांगेत कळणार कसं? पापणी खाली पडली की कळतं. लांब पापणी ही शेवटच्या रांगेतल्या माणसाची सोय आहे." वडील रेशमाच्या धाग्यावर एकेक केस गाठवून पापण्यांच्या पट्ट्या करायचे आणि लहानपणी काकू त्यांना धागा ताणून धरायच्या. त्या वडिलांचा एक दंडक काकू वेदवाक्यासारखा सांगायच्या. मिशीचा गोंद डोळ्याला लावायचा नाही. मिशीचा गोंद कडक, दोन अंक टिकला पाहिजे असा, आणि डोळ्याला लागतो तो मऊ. हे ज्याला कळत नाही त्यानं या धंद्यात येऊ नये, घरी बसून वाती वळाव्यात.

त्याहून मागचा इतिहासही त्यांना तोंडपाठ होता. आता त्यातलं खरं किती आणि पदरचं किती हे मी सांगू शकत नाही. राण्या म्हणे एरंडेलाच्या दिव्यावर ताट उपडं धरून काजळी जमवायच्या आणि तुपात खलून पापण्यांच्या मुळाला नाही, टोकाला लावायच्या. म्हणजे आहे त्याहून लांब दिसतात. नाचणाऱ्या बायका मेणाचा हात फिरवायच्या. काही घरांत आया तान्ह्या मुलीच्या पापण्यांची टोकं झोपेत कातरतात, पुढे दाट येतील म्हणून. हे निघालं की काकूंचा पारा चढायचा. "डोळ्याजवळ कात्री नेणाऱ्या बाईला आधी कात्री दाखवली पाहिजे," म्हणायच्या. स्वतःच्या पापण्यांना त्या रोज तिन्हीसांजेला एरंडेल लावत आणि डोळे मिटून खुर्चीत बसून राहत. तेवढा वेळ घराला आग लागली तरी हाक मारायची नाही असा नियम होता. साठीच्या बाईच्या तसल्या पापण्या मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत. गालावर सावली पडायची.

मुंबईहून डबीत येणाऱ्या तयार पापण्यांना त्या केरसुणी म्हणत. नवऱ्या मुलींना लावायच्या पापण्या त्या घरी बांधत, आणि त्यासाठी त्यांना हवं असे ते बाळाचं जावळ. दुसरे कुठलेही केस घेतले तर ते कापलेले असतात, टोक बोथट होतं. जावळ कधी कापलेलंच नसतं, त्यामुळे त्याचं टोक पापणीसारखं निमुळतं. हे ठीक आहे हो, पण ते मिळवायचं कसं? गावात कुणाकडे जावळ काढायचा बेत कळला की काकू बोलावणं नसताना पितळी डबी घेऊन हजर. मामाच्या मांडीवर बाळ, न्हाव्याच्या हातात वस्तरा, आणि काकू म्हणतायत, "चिमूटभर द्या."

"काकू, जावळ नदीत सोडतात," बाळाची आजी म्हणायची.

"नदीला काय करायच्यात पापण्या?"

कुणी हसून द्यायचं, कुणी दारातूनच घालवायचं. एका घरी तर बाळाच्या आत्यानं ही बाई करणी करते म्हणून बोंब ठोकली. काकूंनी तिच्या पापण्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आपोआपच झडल्यात, तुझ्यावर कशाला कोण करणी करेल?" दुसऱ्या दिवशी ती आत्या एरंडेल कसं लावायचं ते विचारायला आली.

मोखाड्याला बोहाडा बघायला आम्ही एकदा बरोबर गेलो होतो. देवांची सोंगं निघाली, ढोल वाजायला लागला, सगळा गाव हात जोडून उभा. आणि काकू देवीचा मुखवटा घेतलेल्या म्हाताऱ्याला अडवून म्हणतात, "देवीला पापण्या का नाहीत?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो म्हातारा शांतपणे मुखवट्याच्या आतून म्हणाला, "बाय, देव पापणी पाडत नाय. तुला बघायचा त्याला." काकूंनी त्याला वाट दिली. जव्हार जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "म्हातारा बरोबर बोलला." दुसरा माणूस बरोबर आहे असं त्या म्हणाल्या हेच पुष्कळ.

आता माझं सांगते, कारण मी इतकी वर्षं त्या बाईची आठवण का काढते ते त्याशिवाय कळायचं नाही.

मला पापण्या नव्हत्या. म्हणजे जन्मतः होत्या, मी उपटायचे. दहावीच्या अभ्यासाच्या वेळी सुरुवात झाली. वाचताना डावा हात आपोआप डोळ्याकडे जायचा, दोन बोटांत एक केस यायचा, आणि तो निघाला की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. मग रडू यायचं. मग पुन्हा हात. या गोष्टीला डॉक्टरांकडे नाव आहे, अशी पुष्कळ माणसं असतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा वाटायचं जगात अशी वेडी मी एकटीच. आईला सांगितलं होतं डोळ्यांना खाज येते म्हणून. बिननंबरचा जाड काड्यांचा चष्मा लावायचे आणि माणसांशी बोलताना जमिनीकडे बघायचे. कुणी माझ्या डोळ्यांकडे बघेल ही एकच भीती मला चोवीस तास असायची.

आणि अशी मी खोली शोधत कुणाकडे जाऊन धडकले, तर या बाईकडे! काकूंनी भाडं सांगायच्या आधी म्हटलं, "चष्मा काढ." मी काढला. का काढला देव जाणे, दुसऱ्या कुणापुढे काढला नसता. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, बराच वेळ पाहिलं. जगातल्या प्रत्येकाच्या पापण्यांबद्दल मत असलेली बाई माझ्या पापण्यांबद्दल काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही. एवढंच म्हणाल्या, "खोली घे. पण माझ्या घरात संध्याकाळी हात रिकामे ठेवून बसायचं नाही. मला चालत नाही."

त्या संध्याकाळपासून मला कामाला लावलं. फळीवर दोन खिळे, मध्ये ताणलेला रेशमी धागा, आणि चिमट्यानं एकेक केस घेऊन त्याची गाठ मारायची. दोन्ही हात आणि दोन्ही डोळे त्यातच. गाठ जरा सैल पडली की काकू सबंध ओळ कातरून टाकत. मी चिडायचे. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून यायचं आणि वर ही बिगारी! पण एक गोष्ट खरी. जोवर धाग्यापुढे बसलेली असे तोवर हात डोळ्याकडे जात नसे. शाळेत मात्र जायचा. हजेरी घेताना, फळ्याकडे तोंड करून, जीपची वाट बघताना. दिवाळीनंतर शाळातपासणीचं लचांड मागे लागलं आणि मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या उपटून टाकल्या. भुवयांची टोकंसुद्धा गेली.

पाड्यावर त्याच सुमारास आरोग्यवाले कुष्ठरोगाची तपासणी करून गेले होते. अंगावर चट्टा असेल, भुवया-पापण्या झडत असतील तर दाखवा, असं सांगून गेले. लोकांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा काही दोष नाही. एक बाप भिवंडीला कामाला जाऊन आलेला, त्याला शहरातलं कळतं असं सगळे मानायचे. तो म्हणाला, "ये बाईला मोठी बीमारी हाय. तिकडं मी बघला हाय." झालं. वर्गातली पोरं कमी व्हायला लागली. आधी लहान, मग मोठी. एक दिवस मी नुसत्या बाकांना शिकवून घरी आले.

हेडमास्तर भले गृहस्थ. ते म्हणाले, बाई, दवाखान्यातून दाखला आणा. आणला. रोग नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. हेडमास्तरांनी तो पाड्यावर वाचून दाखवला तर लोक म्हणाले, कागद कुणीपण देतो. रोग नाय तर केस गेलं कुठं, ते सांगा. बरोबरच होतं त्यांचं. आणि तेवढंच मला सांगता येत नव्हतं. पालकांची सभा ठरली. हेडमास्तर हळूच म्हणाले की लोकांचं समाधान झालं नाही तर मला वर कळवावं लागेल. घरी आई आणि दोन भाऊ माझ्या पगारावर होते. पण खरं सांगायचं तर नोकरी जाईल याहून, भरल्या सभेत कुणीतरी 'चष्मा काढा' म्हणेल, याचीच मला धडकी भरली होती. मी राजीनामा द्यायचं ठरवलं आणि ट्रंक भरायला घेतली.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुठे निघालीस?"

मी सभेचं सांगितलं, लोक काय म्हणतात ते सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ट्रंक बंद कर. उद्या मी येते तुझ्या शाळेत." मी हाता-पाया पडले. ही बाई तिथे जाऊन पन्नास जणांच्या पापण्यांना नावं ठेवील आणि माझं उरलंसुरलं धुळीला मिळवील याची मला खात्री होती.

सभा शाळेच्या ओट्यावर भरली. काकू जांभळं लुगडं नेसून, ती पितळी डबी मांडीवर घेऊन पुढेच बसल्या. हेडमास्तरांनी प्रास्ताविक सुरू केलं तेवढ्यात त्या उठल्या.

"हिला रोगबिग काही नाही," काकू म्हणाल्या. "हिचा रोग म्हणजे मी."

काकूंनी डबी उघडली, आतली पापण्यांची जोडी काढली आणि पुढच्या बाईच्या तळहातावर ठेवली. ती हातोहात फिरायला लागली. "या खोट्या पापण्या. मी शहरासारख्या नवरीला लावते. दिवाळीत हिला लावल्या. ही नको म्हणत होती, मीच जबरदस्तीनं बसवलं. पापणीचा गोंद संपला होता, म्हणून मी मिशीचा लावला. सोंगाला मिशी चिकटवता ना तुम्ही? काढताना कशी बोंबलता?"

मागची गडीमाणसं हसली.

"तस्सं झालं. काढताना हिच्या स्वतःच्या पापण्या मुळासकट निघून आल्या. घरमालकीण आहे म्हणून ही पोर कुणाला बोलली नाही. आणि समजा, असता तो रोग, तरी काय? त्याच्यावर आता गोळ्या निघाल्यात, माणूस बरा होतो. पण हिला नाही."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. काकूंनी माझ्या डोळ्यांना कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पाड्यावर एक सुईण आजी होती. समोर बसलेल्या बहुतेकांना तिच्याच हातांनी जगात आणलेलं, त्यामुळे तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. ती काठी टेकत पुढे आली.

"म्हंजे चुकी तुझी?" तिनं काकूंना विचारलं.

"माझी."

"मंग तुझ्या तोंडानं बोल."

"चुकले मी," काकू म्हणाल्या.

मी त्या घरात राहत होते, मला माहीत आहे ते दोन शब्द त्यांना किती जड गेले असतील ते. डहाणूला पोचून न चुकलेली बाई. आणि चूक तरी कुठली कबूल केली? वडिलांनी सांगितलेली, धंद्यातली सगळ्यांत नामुष्कीची.

आजीनं माझी हनुवटी धरली, चष्मा स्वतःच काढला, निरखून पाहिलं. मग काकूंकडे वळली. "येतील का?"

"येतील. मुळं शाबूत आहेत."

"मंग पोरां उद्यापासून येतील. पण बाय, तू आता कुणाच्या डोळ्याला हात नको लावू."

"नाही लावणार," काकू म्हणाल्या.

पोरं दुसऱ्या दिवशी आली. आणि ही बातमी जीपमधून आमच्याही आधी जव्हारला पोचली. पार्लरवालीनं मास्तरणीच्या पापण्या उपटल्या. लग्नसराई तोंडावर होती, ठरलेल्या नवऱ्या मुली गळाल्या. पण कुणी आलं असतं तरी काकूंनी लावल्या नसत्या. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी पाटी उतरवली. भुवया कोरायचंही बंद केलं, कारण म्हणे भुवई डोळ्याच्याच घरातली. मेंदी काढायच्या, केस धुऊन द्यायच्या, पापड लाटून विकायच्या. म्हातारी माणसं मोतीबिंदू घेऊन यायची बंद झाली, त्याचं मात्र त्यांना फार लागलं. बाजाराच्या दिवशी उगाच दारात जाऊन उभ्या राहायच्या.

मी कितीदा विषय काढला. "काकू, तुम्ही असं का केलंत?"

"काय केलं? गोंदच चुकला."

"मी स्वतःच त्या..."

"गप्प बैस. गाठ सैल पडतेय बघ."

गाठी मारणं काही थांबलं नव्हतं. नवऱ्या नाहीत, मग या जोड्या कुणासाठी बांधायच्या? मी विचारलं तर म्हणाल्या, "हातासाठी." आणि हात हळूहळू सुधारला. एकदम नाही, मधूनमधून घसरायचे, पुन्हा दोन-चार उपटायचे. काकूंच्या ते लक्षात यायचंच. त्या काही बोलत नसत, फक्त त्या दिवशी मला जास्त बारीक केस द्यायच्या. असं करत करत दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या पापण्यांना लव आली, तिसऱ्यात बऱ्यापैकी केस. मी चष्मा काढून शाळेत जायला लागले. सुईण आजीनं बघितलं आणि माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. सगळं छान झालं. फक्त काकूंची पाटी माळ्यावर होती, आणि ती माझ्यामुळे होती. ते मला अन्न गोड लागू देत नव्हतं.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा मोखाड्याला कचेरीत कारकून. त्याला मी सगळं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मी नखं खातो." तिथेच मी होकार दिला. लग्न जव्हारलाच करायचं ठरलं, देवळाच्या सभागृहात. सकाळी काकूंच्या पुढच्या खोलीत मी आरशासमोर बसले होते, आई होती, गावातल्या बायका होत्या, आणि पाड्यावरच्या बाया सुईण आजीला घेऊन जीप भरून आल्या होत्या. काकूंनी माझं सगळं आवरलं आणि म्हणाल्या, "झालं."

"पापण्या राहिल्या," मी म्हटलं.

"तुला कशाला? तुझ्या आल्यात की."

"लावा."

"मी शब्द दिलाय," काकू म्हणाल्या आणि कंगवे गोळा करायला लागल्या.

मग मी उठले. अंगावर शालू, हातभर चुडा. सुईण आजीपुढे जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आजी, तेव्हा गोंद नव्हता. काकूंनी मला हातसुद्धा लावला नव्हता. मी स्वतः माझ्या पापण्या उपटायचे. मला तो नादच होता, दहावीपासून. मला सांगता येत नव्हतं म्हणून काकूंनी स्वतःच्या अंगावर घेतलं."

आईनं तोंडाला पदर लावला. आणि काकू मागून कडाडल्या, "खोटं बोलतेय ती. गोंद माझाच होता."

"काकू, पुरे आता."

"पुरे काय? मिशीचाच होता. मला माहीत नाही का माझा गोंद?"

"मी उपटायचे!"

"तुझ्या उपटण्यानं इतक्या निघतात होय? काय बाई आहेस का चिमटा?"

नवरी आणि घरमालकीण, लग्नाच्या दिवशी, चूक कुणाची यावर कचाकचा भांडतायत आणि दोघीही ती आपलीच म्हणतायत. बायका आधी बावरल्या, मग एकेक फिसकन हसायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आणि काकूंच्याही.

सुईण आजीनं काठी आपटली. "चुकी एक नि मालकिणी दोन," ती म्हणाली. "कोण खरी ते मला नको. शब्द मला दिलता ना? मी सोडला. लाव तिला."

काकूंनी हातातले कंगवे खाली ठेवले. मग आत गेल्या, डबी आणली. आम्ही दोघींनी बांधलेल्यांतली एक जोडी निवडली, उजेडात धरून तिच्या गाठी तपासल्या. गोंदाची बाटली उघडायच्या आधी ती सगळ्या बायकांसमोरून फिरवली, वाचता येणाऱ्या आणि न येणाऱ्याही. "हा मऊ आहे," म्हणाल्या, "डोळ्याचा." बायका खुर्चीभोवती दाटल्या, खिडकीतून दोन-तीन डोकी आत आली, सगळ्यांच्या नजरा माझ्या डोळ्यांवर. आणि मला कुणाच्याच बघण्याची भीती वाटत नव्हती.

"मीट डोळे," काकू म्हणाल्या. मी मिटले.